पेटवे की टब्स

त्या आठवड्यात हॅलबर्ट गावाला दुसरं काही सुचत नव्हतं. शनिवारी नदीपलीकडच्या मॉन्क्रीफ कॉलेजशी अमेरिकन फुटबॉलचा सामना, आणि आपल्या कॉलेजचा रनिंग बॅक कोण, याचाच पत्ता नाही! चेंडू पोटाशी धरून, डोकं खाली घालून समोरच्या धिप्पाड भिंतीत घुसायचं हे ज्याचं काम, तो गडीच ठरेना. मंगळवारी कोचने यादी लावली. बाकी प्रत्येक जागेपुढे एकेक नाव, आणि या जागेपुढे लिहिलेलं, 'पेटवे किंवा टब्स'. त्या 'किंवा'ने गावाचं डोकं फिरवलं. चर्चच्या गायकमंडळात दोन तट पडले. शाळेच्या बसमध्ये पोरांची मारामारी झाली. ठरवता येत नसेल तर यादी लावायचीच कशाला, असं कुणी कोचला विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं.

सगळ्यात जोरात भांडण चालायचं ते ओथा गेन्सच्या केशकर्तनालयात. ओथा एकसष्ट वर्षांचा, बापाच्या मागे तीच खुर्ची चालवणारा. आरशावर बापाने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : 'खुर्चीतलं बोलणं खुर्चीत'. ती पाटी नुसती शोभेची नव्हती. त्या खुर्चीत बसून पाद्रीबाबाने दारूची कबुली दिली होती, शेरीफने रडून घेतलं होतं, आणि ओथाने त्यातला एक शब्दही कधी बायकोच्या कानावर घातला नव्हता. गावातले पुरुष त्याच्याकडे येत ते त्याच्या हातासाठी कमी आणि त्याच्या तोंडाला असलेल्या कुलुपासाठी जास्त.

ओथा पेटवेच्या बाजूचा. बाजूचा कसला, वकीलच! जावारिस पेटवे वीस वर्षांचा, तीन तास दक्षिणेकडच्या खेड्यातला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईने, अर्लीनने, दुकानात फोन केला होता. "पोरगा तुमच्याकडे केस कापतो म्हणे. तिकडे त्याचं कुणी नाही. जरा लक्ष असू द्या भाऊ." तेवढंच बोलणं. पण ओथाने ते मनावर घेतलं. सामन्याच्या आधी, गुरुवारी, पोरगा यायचा, 'काका' म्हणायचा, खुर्चीत अंग टाकायचा, आणि ओथा त्याच्या कपाळावरची कड वस्तऱ्याने अशी सरळ काढायचा की कागद कापून चिकटवल्यासारखी दिसायची.

टब्सचा वकील होता क्लेम हारग्रोव्ह. आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला, आता केस फार राहिले नव्हते तरी रोज दुकानात येऊन बसणारा.

"टब्स आपल्या गावचा पोरगा. एकदा सुटला की धरून दाखव त्याला," क्लेम म्हणायचा.

"सुटला तर ना! सुटायच्या आधी वाऱ्याने पडतो तो," ओथा म्हणायचा.

"आणि तुझा पेटवे? भिंत दिसली की डोकं घातलंच. दुसरं येतं काय त्याला?"

"घालतो आणि उठतो! ते दिसत नाही का तुला? गेल्या शनिवारी केवढा आपटला. तुझा टब्स असता तर उचलून न्यावा लागला असता. पोरगं उठलं की नाही? हात वर केला की नाही?"

"उठलं खरं," क्लेम चष्मा पुसत म्हणाला, "पण चालायला लागलं ते पलीकडच्या संघाकडे."

"अरे, गर्दी होती तिथे! तुला काय दिसतंय त्या चष्म्यातून?"

लूशस मोठ्याने हसला. लूशस हा शाळेच्या बसचा ड्रायव्हर, ओथाच्या पक्षाचा, त्याच्याहून कडवा. ओथाही हसला. पण त्या शनिवारी, पोरगं पलीकडच्या लोकांकडे चार पावलं गेलं आणि आपल्याच एका गड्याने त्याला खांद्याला धरून वळवलं, तेव्हा ओथाच्या काळजात धस्स झालं होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही धडपणे सांगितलं नाही. उलट आठवडाभर तो तीच गोष्ट ओरडून सांगत राहिला : उठतो, आपला पोरगा उठतो. माणूस ज्याला भितो त्याचीच फुशारकी मारतो कधी कधी.

गुरुवारी चार वाजता जावारिस आला. डोळ्यांवर काळा चष्मा. खुर्चीत बसल्यावर म्हणाला, "काका, तो वरचा दिवा बंद करा ना, डोळ्यात जातोय." ओथाने बंद केला. अभ्यासाने जागला असेल, असं मनाला समजावलं. लूशसने बायकोने केलेला पीच कॉब्लर, पीचचा गोड पाकातला केक, फॉइलमध्ये बांधून आणला होता. तो पोराच्या हातात दिला, त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, "शनिवारी गाड त्यांना," म्हणाला आणि बस काढायला गेला.

दोघेच उरले तेव्हा पोराने हळूच विचारलं, "काका, एक गोष्ट सांगू? पण आधी छातीवर हात ठेवा."

ओथाने मशीन धरलेलाच हात छातीवर ठेवला.

"शर्टाला केस लागले," पोरगं हसलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणालं, "कोच म्हणाला, मीच. टब्स नाही. शनिवारपर्यंत कुणाला कळता कामा नये."

 ओथाने पोराच्या मानेवर पावडर मारली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. त्या संध्याकाळी तो घरी जाताना शीळ घालत होता.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता क्लेम आणि लूशस येऊन बसले होते आणि भांडण पहिल्या पानापासून सुरू झालं होतं. ओथा गालात हसत गप्प होता. गुपित पोटात ठेवून दुसऱ्याला बरळू देण्यात जी मजा आहे ती त्याला पुरती घ्यायची होती.

"आज बोलत नाहीस?" क्लेमने डिवचलं. "पटलं वाटतं टब्सचं?"

"बघू उद्या," ओथा म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं आणि जावारिस आत आला. काळा चष्मा, तोंडात पुदिन्याची गोळी, हातात चुरगळलेला तोच फॉइलचा गोळा. "काय म्हणताय काका," म्हणत तो सरळ खुर्चीकडे गेला, बसला, आणि डोकं मागे टेकलं.

"घ्या कापायला. परवा टीव्हीवर दिसायचंय."

ओथा कापड हातात धरून तसाच उभा राहिला. आरशात पोराचं कपाळ दिसत होतं. त्यावरची कड कालचीच होती, अजून ताजी, सरळ. कापायला तिथे काडीभरसुद्धा केस नव्हता.

"अरे, काल तर..." ओथाने तोंड उघडलं.

लूशसने मांडीवर थाप मारली. "दोनदा! एका सामन्याला दोनदा हजामत! अरे पोरा, शकुन करतोस होय? गेल्या वेळी एकदा कापलेस तर शंभर यार्ड पळालास. आता दोनशे नक्की!"

"हे बघा, हे असं," क्लेम म्हणाला. "टब्सला असली थेरं लागत नाहीत."

"टब्सला आरसासुद्धा लागत नाही, असं तोंड आहे त्याचं!"

दोघे खदखदून हसले. आता यांना काय म्हणावं? पण आपल्याकडे खेळाडूने काहीही केलं की आपण त्याला शकुनच म्हणतो. कुणी उलटे मोजे घालतं, कुणी तीन दिवस दाढी करत नाही, कुणी कुत्र्याला नाश्ता दिल्याशिवाय घर सोडत नाही. पोरगं दोनदा केस कापायला आलं, तर दोघांना त्यात फक्त दोनशे यार्ड दिसले. ओथालाही क्षणभर तेच दिसावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्याने मनातल्या मनात देवाला सांगितलं, शकुनच असू दे.

जावारिसही हसला. पण ते हसणं असं होतं की विनोद कळला नाही, सगळे हसतात म्हणून हसायचं.

ओथाने कापड त्याच्या गळ्याभोवती बांधलं. मशीन सुरू केलं आणि पातं न टेकवता, नुसती पाठ टाळूवरून फिरवू लागला. घर्रर्र आवाज तेवढा चालू. पस्तीस वर्षांत त्याने असं खोटं काम कधी केलं नव्हतं. मागे ते दोघे मॉन्क्रीफच्या बचावफळीवर घसरले होते, त्यामुळे खुर्चीतलं बोलणं त्यांना ऐकू जात नव्हतं.

"काका," पोरगं हळूच म्हणालं, "एक गोष्ट सांगू? पण आधी छातीवर हात ठेवा."

 ओथाने मशीन धरलेला हात छातीवर ठेवला.

"शर्टाला केस लागले," पोरगं हसलं. ओथाच्या शर्टावर एकही केस नव्हता. "कोच म्हणाला, मीच. टब्स नाही. शनिवारपर्यंत कुणाला कळता कामा नये."

तेच शब्द, तोच आवाज, मध्ये तेवढंच थांबणं.  ओथाने मशीन कानामागे नेलं, वाकला आणि विचारलं, "राजा, आज वार कोणता?"

"गुरुवार. तुमच्याकडे गुरुवारीच येतो ना मी?"

"चष्मा काढ बघू. कल्ले बघू दे."

पोराने चष्मा काढला आणि उजेडाने लगेच तोंड वाकडं केलं. ओथाने आरशात बघितलं, मग खात्री करायला समोर येऊन बघितलं. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा चांगलीच मोठी होती. पुदिन्याच्या वासाखाली उलटीचा आंबट वास होता.

"डोकं दुखतंय?"

पोराने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"जावारिस."

"शनिवारपासून," ते ओठ न हलवता म्हणालं. "गोळ्या घेतो. चार घेतल्या की थोडं बरं वाटतं. काका, तुम्ही बोलायचं नाही कुणाला. तुम्हाला पाटीची शपथ. मी एक दिवस बसलो तर टब्स उभा राहील, आणि तो उभा राहिला की माझी जागा गेली. मला माहितीये इथली माणसं. शनिवार जाऊ दे. रविवारी मी स्वतः जाईन डॉक्टरकडे."

 ओथाला उद्याचं सगळं डोळ्यांपुढे दिसायला लागलं. पोरगं चेंडू पोटाशी धरून डोकं खाली घालणार. समोर मॉन्क्रीफचे ते रेडे. आणि वर हजारो माणसं, त्यात ओथा, बाकावर उभी राहून ओरडणार, घुस, घुस!  त्याने वस्तरा हातात घेतलाच नाही.

दुसरी भीतीही होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ही गोष्ट तोंडाबाहेर गेली तर उद्यापासून या खुर्चीत कोण बसणार? बापाने आयुष्यभर राखलेली पाटी तो एका सकाळी पुसणार. गाव म्हणणार, ओथाने पोराला विकलं. पोरगं तर जन्मात तोंड बघणार नाही. आणि समजा पोराला काहीच झालेलं नसलं? नुसती झोप नसली झाली, नुसता ताण असला? मग त्याने एका पोराचं आयुष्य एका फोनपायी बुडवलं असं होणार.

"माझ्यासाठी तूच फोन कर," ओथा कुजबुजला. "कॉलेजच्या मिस डेनिसला. तूच सांग तिला."

"नाही."

"मग आईला कर."

"काका, आईला सांगितलंत तर मी परत पाय ठेवणार नाही इथे." पोराने स्वतःच कापडाची गाठ सोडली. "झालं ना? दोनला मैदानावर जायचंय. छान कापलेत."

छान कापलेत, म्हणालं ते. कपाळावर हात फिरवत.

ते उठलं आणि खुर्चीच्या हाताला धरून दोन क्षण तसंच उभं राहिलं, जमीन हलत असल्यासारखं. ओथा त्याच्या पुढे होऊन दाराकडे गेला, कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"आता हे काय?" लूशस म्हणाला. "आम्हाला कोंडतोस?"

ओथाने खिशातून मोबाइल काढला. डेनिस रो ही कॉलेजच्या खेळाडूंच्या दुखापती बघणारी बाई. तिचा एक शब्द झाला की कोचलासुद्धा गडी बाहेर बसवावा लागे. तिच्या अंथरुणाला खिळलेल्या बापाचे केस ओथा महिन्यातून एकदा घरी जाऊन कापायचा, म्हणून नंबर होता. नंबर शोधताना त्याची बोटं तीनदा चुकली.

"काका, नको," जावारिस म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "काका, तुम्ही छातीवर हात ठेवलात."

"मिस डेनिस? मी ओथा. दुकानातून. जावारिस पेटवे इथे आहे. त्याचं डोकं..."

पुढचं बोलायच्या आत लूशसने झेप घेऊन मोबाइल हिसकावला. "डोकं तुझं फिरलंय का! उद्या मॉन्क्रीफ आहे! डेनिसच्या कानावर असलं काही गेलं तर ती पोराला महिनाभर बसवेल. कुणाच्या बाजूने आहेस तू? क्लेमने काय चारलं तुला?"

"ए, माझं नाव घ्यायचं नाही!" क्लेम उठला. त्याचा चेहरा पडला होता. "ओथा, हे काय करतोयस? टब्स खेळावा असं मला वाटतं, पण असा नाही. खुर्चीतलं बोलणं आहे हे. तू उद्या माझंही सांगशील."

"सांगेन," ओथा ओरडला. त्या दुकानात त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. "तूही मरायला निघालास तर तुझंही सांगेन! मला भीती वाटतेय रे, कळत नाही का तुम्हाला? मला भीती वाटतेय!"

 लूशसने मोबाइल पाठीमागे धरला होता. त्यातून डेनिसचा बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो.

ओथा वळला. "जावारिस, सांग यांना. काल दुपारी चार वाजता तू कुठे होतास?"

"काल?" पोराने विचार केला. "काल बुधवार. मैदानावर."

"आणि हे हातातलं फॉइल? कशाचं आहे?"

जावारिसने हाताकडे पाहिलं. फॉइल उलगडलं. आत कॉब्लरचे चार कण आणि वाळलेला पाक होता. पोरगं त्याकडे बघत राहिलं आणि मग हसायचा प्रयत्न केला. "मेसमधलं असेल."

लूशसचा हात खाली आला. "मेसमधलं?" तो म्हणाला. "अरे, काल मी दिलं तुला. इथेच. माझ्या बायकोने केलेलं. मी तुझा हात धरला होता. तू म्हणालास, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा."

"कधी?" जावारिसने विचारलं.

त्याने ते इतक्या सरळपणे विचारलं की लूशसच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मोबाइल ओथाच्या हातात दिला, दिला कसला, कोंबलाच, आणि भिंतीला टेकून खाली बसला. ओथाने डेनिसला लगेच यायला सांगितलं. क्लेमने पोरासाठी खुर्ची ओढली.

पण पोरगं बसलं नाही. आधी ते चिडलं. "तुम्ही मला संपवलंत," ते ओथाला म्हणालं. "आई म्हणाली होती, हा माणूस आपला आहे." त्याने दाराची कडी काढायला हात घातला आणि ती कडी, साधी वर उचलायची कडी, त्याला उघडता येईना. ते खाली ओढत राहिलं. मग ते दारापाशीच ओकलं आणि गुडघ्यांवर बसलं. ओथाने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं, अंडं धरावं तसं, आणि डेनिसची गाडी येईपर्यंत सोडलं नाही. सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत पोराने त्याला दोनदा विचारलं, आपण दारात का बसलोय.

कवटीच्या आत रक्त साचत होतं, थेंब थेंब, शनिवारपासून. इस्पितळात दुपारी अडीचला डोकं उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आणखी एक धक्का बसला असता तर मैदानावरून हा उठला नसता. त्या हे ओथाला बघून म्हणाल्या नव्हत्या, सगळ्यांनाच म्हणाल्या होत्या, पण ओथाने 'उठला नसता' हे दोन शब्द ऐकले आणि तो तिथल्या बाकावर बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

शनिवारी सामना झाला. टब्स उभा राहिला, तीनदा रेषेपार गेला आणि आपण जिंकलो. गाव नाचलं. पण त्याच गावातल्या कुणीतरी ओथाच्या काचेवर साबणाने लिहिलं, 'चुगलखोर'. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळ्यांना कळलं होतं, तरी लिहिलं. असल्या माणसांना काय बोलायचं! क्लेम, ज्याने टब्ससाठी वर्षभर घसा फोडला, तो सामना बघायलाही गेला नाही. दिवसभर इस्पितळाच्या बाकावर ओथाशेजारी बसून होता. पलीकडच्या खोलीत कुणीतरी टीव्ही मोठा केला, तर उठून बंद करायला सांगून आला.

रविवारी दुपारी अर्लीनने ओथाला आत बोलावलं. ती शुक्रवारी रात्रीच गाडीने आली होती आणि तेव्हापासून खुर्चीत बसून होती, पोराच्या पायावर हात ठेवून. पोराच्या डोक्याला पट्ट्या होत्या. ओथाने जपलेली ती कपाळावरची कड आता पट्टीखाली होती, अर्धं डोकं भादरलेलं.

"शुद्धीवर आहे," अर्लीन म्हणाली. "पण नवीन काही राहत नाही डोक्यात. येईल म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत."

जावारिसने डोळे उघडले. "काका," तो म्हणाला. "सामना झाला?"

"झाला, राजा. जिंकलो."

त्याचा चेहरा उजळला. "किती पळालो मी?"

ओथाने अर्लीनकडे पाहिलं. ती पोराकडे बघत होती.

"टब्स खेळला," ओथा म्हणाला.

"का? कोच तर म्हणाला..."

"तुझ्या डोक्यात रक्त होतं. मी डेनिसला फोन केला. मी सांगितलं."

 पोराने तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. ओथा उभा राहिला. आयुष्यात इतकं जड काही तो बोलला नव्हता, पण बोलून झालं होतं, असं त्याला वाटलं.

दहा मिनिटांनी पोराने तोंड इकडे वळवलं. डोळे अजून ओले होते आणि ते का ओले आहेत हे त्याला माहीत नव्हतं.

"काका," तो म्हणाला. "सामना झाला?"

ओथाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि दुकानात वाटली होती त्याहून मोठी भीती त्याला वाटली. "झाला," तो म्हणाला. जिंकलो. टब्स. मी सांगितलं. या वेळी पोराने शिव्या दिल्या. हाताला येईल ते फेकलं, पाण्याचा पेला फेकला. निघून जा म्हणालं, तुम्ही माझे कुणी नाही म्हणालं. नर्स धावत आली. ओथा दाराबाहेर जाऊन उभा राहिला. लूशस बाहेर कॉब्लरचा डबा घेऊन उभा होता. आत यायचं त्याला धाडस होत नव्हतं.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "आई, ओथाकाका आलेत का? आवाज ऐकला मी."

अर्लीन दारात आली. तिचा आवाज बसला होता. "या वेळी म्हणा की तोच खेळला," ती म्हणाली. "दोनशे यार्ड म्हणा. म्हणा ना भाऊ. दहा मिनिटं तरी खूश राहील. लक्षात थोडंच राहणारे?"

ओथाने मान हलवली, हो की नाही ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आत जाऊन खुर्ची पलंगाला भिडवून बसला. पोरगं त्याच्याकडे बघून हसलं, दोन वर्षं दुकानात शिरताना हसायचं तसं. त्याच्या मनात ओथा अजून आपला माणूस होता. पुढच्या दोन मिनिटांपुरता तरी.

"काका, सामना झाला?"

"झाला. जिंकलो."

"किती पळालो मी?"

खोटं बोलणं इतकं सोपं होतं, आणि ते पकडायला जगात कुणी नव्हतं. पण हे पोरगं बरं झालं, की पहिली गोष्ट म्हणजे मैदानावर परत जायला निघणार. त्या दिवशी त्याच्या मनात कुठेतरी, आठवो न आठवो, खरं काय ते असलेलं बरं. आणि ते रोज, दर दहा मिनिटांनी, कुणीतरी ठेवायला हवं होतं.

ओथाने त्याचा हात हातात घेतला, म्हणजे या वेळी त्याला काही फेकता येणार नाही, आणि भीतीने फुटणाऱ्या आवाजात पहिल्यापासून सांगायला लागला.

"टब्स खेळला, राजा. मी सांगितलं म्हणून."